कूड, खोली आणि खाणावळ : मुंबईत स्थिरावणाऱ्या परमुलखी माणसाची पतव्यवस्था (१८५४–१९८२)

प्रस्तावना

मुंबई हे स्थलांतरितांचे शहर आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्यात दडलेला प्रश्न सहसा लक्षात येत नाही. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७६ हजार होती आणि तीपैकी जवळपास ८४ टक्के लोकांचा जन्म शहराबाहेर झालेला होता. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. ही माणसे मुंबईत का आली, याची कारणमीमांसा आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी विस्ताराने केली आहे. परंतु बंदरावर उतरलेला माणूस पहिला पगार हाती येईपर्यंत कोठे झोपला, काय जेवला आणि त्याला कोणी कशाच्या भरवशावर जेवू घातले, हा प्रश्न त्या मानाने कमी चर्चिला गेला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन संस्थांच्या आधारे केला आहे. गिरगाव, कवेल, धोबीतलाव व माझगाव परिसरातील गोमंतकीयांची ‘कूड’, परळ-लालबाग भागातील चाकरमान्यांची गावकीची खोली आणि त्याच भागातील खाणावळ या त्या तीन संस्था होत. नवख्या माणसाची पहिली गरज निवाऱ्याची होती असे सामान्यतः मानले जाते. उपलब्ध माहितीवरून मात्र ती गरज पतीपेक्षा, म्हणजे उधारीच्या विश्वासापेक्षा, दुय्यम होती असे दिसते. ज्याला या शहरात कोणी उधार देत नव्हते, त्याला छप्पर मिळूनही येथे टिकता येत नव्हते.

येथे ‘परमुलखी’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या सत्तेखाली होता. सावंतवाडी व कोल्हापूर ही संस्थाने होती. त्यामुळे मुंबईत येणाऱ्या अनेकांनी केवळ जिल्ह्याची नव्हे, तर राज्याची सीमा ओलांडलेली असे. गोमंतकीय माणूस तर कायद्याच्या दृष्टीने परदेशातून आलेला होता.

स्थलांतराची पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारातून शहरात मोठे भांडवल जमा झाले. त्यानंतरच्या दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा पट्टा गिरण्यांनी व्यापला. १९२० च्या दशकाच्या आरंभी या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार काम करीत होते.

कोकणातून येणाऱ्यांच्या मागे खोती पद्धत, पावसावर अवलंबून असलेली तुटपुंजी भातशेती आणि समुद्रमार्गाची सोय ही प्रमुख कारणे होती. खोती पद्धत कायद्याने रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. महार समाजाची लष्करातील भरती १८९० च्या दशकात बंद झाल्याने त्या समाजाचा उपजीविकेचा एक महत्त्वाचा मार्गही खुंटला होता. गोव्याच्या बाबतीत १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचा उल्लेख आवश्यक आहे. या कराराने गोव्यातील मीठ उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले व स्थानिक व्यवसायांना धक्का बसला. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. पण त्याच काळात झालेला मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग राहिला आणि बाहेर पडण्याची वाटही कायमची मोकळी झाली.

पहिला पगार हाती येईपर्यंत

गिरणीतील पगार महिन्याचा असे आणि तो महिना संपताच न देता पुढील महिन्याच्या साधारण मध्यास दिला जाई. म्हणजे पहिल्याच दिवशी काम मिळालेल्या नशीबवान माणसालाही सुमारे दीड महिना रोख पैशाविना काढावा लागे. प्रत्यक्षात बहुतेक नवख्यांना प्रथम ‘बदली’ म्हणून पहाटे गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. नोकरीची किल्ली जॉबरच्या हातात असे व त्याला दस्तुरी द्यावी लागे. त्यामुळे कमाई सुरू होण्यापूर्वीच माणूस कर्जात उतरत असे.

पगार असा मागे ठेवणे ही गिरणीव्यवसायाची अपरिहार्य गरज नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली आणि पुढील काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती पळून गेली. त्या वेळी मजूर टिकवून धरण्यासाठी अनेक गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी देण्यास सुरुवात केली. साथीचा जोर ओसरल्यावर ही प्रथा मागे पडली. यावरून असे म्हणता येते की, कामगाराच्या उधारीवर गिरणीमालकांचे खेळते भांडवल काही अंशी उभे होते. ही उधारी मालक देत नव्हता आणि सरकारही देत नव्हते. ती देणारे वाणी, सावकार, खाणावळवाली आणि गाववाले होते.

याचा आणखी एक पुरावा सरकारी गृहबांधणीच्या इतिहासात सापडतो. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेत ठरावीक मासिक वेतन मिळवणारा मध्यमवर्ग कुटुंबासह स्थिरावला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी होत. १६० चौरस फुटांच्या या पक्क्या खोल्या सुरुवातीची काही वर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. भाडे परवडत नव्हते आणि गिरणी व बाजार दूर होते, ही कारणे तर होतीच. परंतु नव्या चाळीत गेलेल्या कामगाराला तेथे ओळखीचा वाणीही नव्हता आणि उधारीवर जेवू घालणारी खाणावळही नव्हती, ही बाबही विचारात घेतली पाहिजे. घर बांधता आले, तरी पत बांधता आली नाही.

कूड : सीमेपलीकडचे गाव

कोकणी भाषेत ‘कूड’ म्हणजे खोली. गोव्यातील, मुख्यतः ख्रिस्ती समाजातील, एका गावच्या पुरुषांनी मुंबईत मिळून चालविलेले निवासस्थान या अर्थाने हा शब्द रूढ झाला. इंग्रजीत त्याला ‘क्लब’ म्हटले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत अशा शेकडो कुडी होत्या. धोबीतलाव येथील जेर महाल या इमारतीत तर अनेक गावांच्या कुडी शेजारी शेजारी नांदत होत्या.

कुडीची रचना साधी होती. भिंतीलगत सभासदांच्या ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरलेल्या पथाऱ्या आणि एका बाजूला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी एकत्र प्रार्थना होई आणि गावचा वार्षिक सण मुंबईतही साजरा केला जाई. सभासदत्व त्या गावच्या माणसापुरते मर्यादित असे व वर्गणी अल्प असे. येथे राहणाऱ्यांत खानसामे, शिंपी, वादक आणि विशेषतः बोटीवर काम करणारे खलाशी व कारभारी असत. बोटीवरील माणसाचे काम करारापुरते असे. एक सफर संपल्यावर दुसरी मिळेपर्यंत महिनेच्या महिने बंदरात काढावे लागत. या रिकाम्या काळात स्वस्तात राहण्याची सोय, पत्रव्यवहाराचा कायम पत्ता आणि नव्या नोकरीची बातमी या तिन्ही गोष्टी कूड पुरवीत असे. हाती पैसे नसताना थकलेली वर्गणी पुढील सफरीनंतर फेडता येई, कारण फेडणाऱ्याचे घर, शेत आणि कुटुंब साऱ्या सभासदांना ठाऊक असे. गावातील ओळख हेच येथे तारण होते.

या निवासातून सांस्कृतिक जीवनही उभे राहिले. कोकणीतील पहिले तियात्र मानले जाणारे ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी सादर झाले ते गोव्यात नव्हे, तर मुंबईत. गोमंतकीय हिंदूंनी १९१९ मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशनची स्थापना केली. या संस्थेच्या कलाविभागाने पुढे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘नटसम्राट’ (१९७०) ही नाटके रंगभूमीवर आणली. परमुलखातून आलेल्यांच्या साहाय्यक संस्थेने यजमान शहराच्या भाषेची रंगभूमी समृद्ध करावी, ही स्थिरावण्याच्या प्रक्रियेतील लक्षणीय घटना आहे.

तथापि, सीमा ही केवळ नकाशावरची रेषा नव्हती याचा अनुभव गोमंतकीयांना १९५४–५५ मध्ये आला. भारत-पोर्तुगाल संबंध बिघडत जाऊन ऑगस्ट १९५५ मध्ये तुटले. प्रवासावर व गोव्यात पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. अर्धा संसार मुंबईत आणि अर्धा गोव्यात असलेल्या कुटुंबांना एकाएकी दोन देशांचे रहिवासी व्हावे लागले. कुडीत राहणाऱ्याने मुंबईला कधीच आपले घर मानले नव्हते. पण त्या काळात परत जाण्याचे घरही दूर गेले होते.

गावकीची खोली

परळ-लालबागच्या चाळींतील गावकीची खोली ही कुडीची जवळची नातलग होती. खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या तालुक्यांतील, तसेच घाटावरील आजरा, चंदगड यांसारख्या भागांतील गावांच्या मुंबईत खोल्या असत. एका खोलीत तीस-चाळीस माणसे राहिल्याची वर्णने मौखिक इतिहासात आढळतात. हे शक्य होई ते पाळ्यांमुळे. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा माणूस त्याच जागेवर पाठ टेकी. उन्हाळ्यात पथाऱ्या गॅलरीत आणि रस्त्याच्या कडेला जात. पावसाळ्यात मात्र साऱ्यांना आत दाटीवाटीने राहावे लागे. १९२० च्या दशकातील सरकारी पाहणीत कामगारवर्गातील सुमारे ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे नोंदले गेले. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा कामगार व गृहप्रश्नावरील १९२५ चा ग्रंथही याच दाटीकडे लक्ष वेधतो.

या पाहण्यांनी दाटी मोजली. दाटीमागची व्यवस्था मात्र त्यांच्या मोजमापाच्या पलीकडे राहिली. खोलीचे भाडे वाटून घेतले जाई आणि बेकाराचा वाटा कमावते उचलीत. नवख्याची जॉबरशी गाठ गाववाला घालून देई. गावी मृत्यू झाल्यास जाण्याचा खर्च वर्गणीतून उभा राही. शिमगा व गणपतीला गावी जाणाऱ्यांबरोबर इतरांचे पैसे व निरोप जात. गावातील देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत यांसाठी ‘मुंबईकर मंडळी’ निधी जमवीत. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला तो याच खोल्यांच्या बळावर.

गावाशी राहिलेल्या या नात्यामुळे कामगार अर्धवट शेतकरी राहिला व म्हणून संघटित झाला नाही, असा एक जुना आक्षेप आहे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात या समजुतीचे सप्रमाण खंडन केले आहे. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ हा दीर्घ सार्वत्रिक संप कामगारांनी टिकवला, त्यात गावचा आधार व शेजारची उधारी यांचा मोठा वाटा होता. पगार नसतानाही माणूस उभा राहू शकतो, याचे शिक्षण त्याला पहिल्या दीड महिन्यातच मिळालेले होते.

खाणावळ

खोली झोपण्यापुरती होती. जेवण खाणावळीत असे. गिरगावात कारकून व विद्यार्थी यांच्यासाठी चालणाऱ्या खाणावळींहून गिरणगावातील खाणावळ वेगळी होती. ती बहुधा एखाद्या कामगार कुटुंबाच्या दहा-बाय-बाराच्या खोलीतच चालत असे. नवऱ्याचे आजारपण, त्याची सुटलेली नोकरी किंवा वैधव्य यांमुळे स्त्री हे काम पत्करीत असे. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे तिचाही दिवस पहाटे सुरू होई आणि रात्रपाळीचे डबे गेल्याशिवाय संपत नसे.

आर्थिक दृष्टीने पाहता ही स्त्री दुहेरी जोखीम घेत होती. जेवणाऱ्याकडून पैसे पगारानंतर मिळत. धान्य व रॉकेल मात्र आधी आणावे लागे. मधल्या काळासाठी ती वाण्याचे आणि सावकाराचे कर्ज काढी, त्यावर जबर व्याज देई आणि प्रसंगी अंगावरचे दागिने गहाण टाकी. गिरणीमालकाने अडकवून ठेवलेल्या पगाराचे व्याज अशा रीतीने खाणावळवाली भरीत होती. संपकाळात तर हा भार अनेक पटींनी वाढे. तिच्या या व्यवहाराची नोंद कोणत्याही गिरणीच्या हिशेबात आढळण्याचे कारण नव्हते. जनगणनेतही ती बहुधा ‘गृहिणी’च राहिली असावी.

या अदृश्य कामाला संघटित रूप मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमा पुरव यांनी दादर येथे अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि खाणावळवाल्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग खुला केला. पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या व नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेल्या. स्वतः परमुलखातून आलेल्या स्त्रीने, परमुलखी कामगारांना पोसणाऱ्या स्त्रियांची पत बँकेच्या दफ्तरी नोंदवून घेतली, ही या इतिहासातील अर्थपूर्ण बाब होय.

पतव्यवहाराच्या मर्यादा

या संस्थांचे गौरवीकरण करणे मात्र इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. ओळख हे ज्या व्यवस्थेत तारण असते, तेथे ओळखीबाहेरच्याला दार बंद असते. खोली गावाची असली तरी गाव एकसंध नव्हते. जातीनुसार खोल्या व खाणावळी वेगळ्या होत्या. गिरणीतही धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो या कारणावरून अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणाई खात्यात प्रवेश नाकारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपनेत्यांसमोर ठामपणे मांडला. स्वतः बाबासाहेब परळच्या पोयबावडी येथील ट्रस्टच्या चाळीत १९१२ ते १९३४ या काळात राहत होते. गावकीच्या पतव्यवहारातून वगळल्या गेलेल्या समाजाला सार्वजनिक चाळीची, सभागृहाची आणि स्वतंत्र संघटनेची गरज इतरांहून अधिक का होती, हे यावरून समजते.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशेच स्त्रिया होत्या. कूड आणि गावकीची खोली या मूलतः पुरुषांच्या जागा होत्या. गावी राहिलेली पत्नी शेती, म्हातारी माणसे व मुले सांभाळीत होती, म्हणूनच खोलीतील पुरुष एवढ्या थोड्या खर्चात राहू शकत होता. तिचे श्रम हेही या व्यवस्थेचे भांडवल होते. शहरात आलेली एकटी स्त्री मात्र या संस्थांच्या बाहेरच राहिली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या गोमंतकीय गायिकांनी मुंबईत आपले स्थान निर्माण केले ते कोणत्याही कुडीच्या आधाराने नव्हे, तर कठोर साधनेच्या बळावर. अशी उदाहरणे अपवादात्मकच होती.

संप आणि त्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मागील संपांप्रमाणे याही वेळी गाव, खोली आणि खाणावळ यांनी कामगाराला तोलून धरले. परंतु ही सारी व्यवस्था पगार उशिरा येईल या गृहीतावर उभी होती. पगार येणारच नाही, हे तिने कधी गृहीत धरलेले नव्हते. महिने लोटले, जेवणारे गावी परतले, उधारी बुडाली आणि अनेक खाणावळी मोडल्या. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासात (२००४) या मोडतोडीचे अनेक पदर दिसतात.

त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. गिरण्यांच्या जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००६ मध्ये आला. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याची योजना आहे. कुटुंबाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु पुनर्विकासाचा कायदा भाडेपावतीवरील नाव ओळखतो. चाळीस जणांची पाठ जिने टेकवून घेतली, त्या गावकीच्या खोलीत पावती एका नावाची आणि हक्क साऱ्या गावाचा, अशी स्थिती असे. हा सामूहिक हक्क कोणत्या रकान्यात लिहावा, याचे उत्तर आजच्या नियमांत सहज सापडत नाही. खोलीबरोबर वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, उधारीच्या नोंदीही नाहीशा होतात. त्या वह्या म्हणजेच या इतिहासाची अस्सल साधने होत.

निष्कर्ष

स्थलांतरितांनी गावाच्या नावाने संस्था उभाराव्यात, हे मुंबईपुरते मर्यादित नाही. न्यूयॉर्कमधील पूर्व युरोपीय ज्यूंच्या ग्रामसंस्था आणि आग्नेय आशियातील चिनी व्यापाऱ्यांच्या प्रांतवार सभा याच जातकुळीच्या होत्या. लंडनमध्ये १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ हेही परमुलखात आपली माणसे शोधण्याच्या याच गरजेतून उभे राहिले. मुंबईच्या उदाहरणाचे वैशिष्ट्य असे की, येथील औद्योगिक भांडवलाने पगार मागे ठेवून जी पोकळी निर्माण केली, ती नवख्यांनी आपापसांतील विश्वासाने भरून काढली.

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शहरात स्थिरावणे ही घर मिळण्याची घटना नसून पत मिळण्याची प्रक्रिया होती. दुसरी, ही पत गाव व जात यांच्या ओळखीवर आधारलेली असल्याने तिने जितक्यांना आत घेतले, तितक्यांना बाहेरही ठेवले. तिसरी, या व्यवस्थेचा सर्वांत मोठा भार स्त्रियांनी उचलला. गावी राहिलेल्या पत्नीने आपल्या श्रमांतून आणि शहरातील खाणावळवालीने आपल्या कर्जातून.

गिरणगावाचा इतिहास लिहिताना गिरण्यांचे ताळेबंद, संपांची पत्रके आणि सरकारी अहवाल ही साधने अभ्यासकांच्या हाती आहेत. कुडीच्या सभासदांची यादी, गावकी मंडळाची वर्गणीची वही आणि खाणावळीची उधारीची वही ही साधने मात्र ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत. त्या चाळी उभ्या आहेत तोवरच ती गोळा करता येतील. गिरगाव ते दादर या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, ज्यांच्या वर्गात याच चाकरमान्यांची नातवंडे आज बसतात, हे काम विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेणे अगत्याचे आहे.